फादर रिटायर झाले म्हणजे नक्की काय झालं? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या स्मृतिदिनानिमित्त आम्ही एक छोटीशी चौकट छापली होती, अगदी आठ-दहा ओळींची, आणि त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की ह्या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. काही पत्रं दिब्रिटोंबद्दल आहेत, बरीचशी मात्र लोकांनी आपापल्या गावच्या फादरांबद्दल, पाळकांबद्दल (म्हणजे प्रोटेस्टंट धर्मगुरूंबद्दल) लिहिलीत, आणि खरं सांगायचं तर मला तीच जास्त भिडली. मी स्वतः वसईची, ख्रिस्ती घरातली, चर्चच्या घंटेवर शाळेची वेळ ओळखणारी मुलगी होते, त्यामुळे ह्या विषयावर लांबून बघितल्यासारखं लिहिणं मला जमणार नाही हे आधीच सांगते.

प्रश्न: माझ्या नववीतल्या मुलाला शाळेत "पर्यावरणासाठी झटलेली माणसं" असा प्रोजेक्ट दिलाय, त्याने फादर दिब्रिटो निवडले. पण नेटवर कुठे लेखक लिहिलंय, कुठे आंदोलक, कुठे संपादक, कुठे धर्मगुरू. नक्की काय लिहायचं त्याने? (एक आई, डोंबिवली)

ताई, सगळंच लिहू द्या त्याला, फक्त धर्मगुरू पहिलं लिहायला सांगा कारण बाकीचं सगळं त्यातून आलंय.

थोडक्यात सांगते. ते वसई तालुक्यातल्या नंदाखाल गावचे, शेतकरी-बागायतदारांचं गाव. १९७२ मध्ये धर्मगुरू झाले. कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ अशी चालली, त्यात ठरलं की लॅटिनचा हट्ट सोडून लोकांच्या भाषेतही प्रार्थना व्हाव्यात आणि चर्चने जगाकडे पाठ करून बसू नये, तर हे वारं नवीन असताना ज्यांचं शिक्षण झालं त्या पिढीतले ते. १९८३ पासून २००७ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षं, त्यांनी "सुवार्ता" मासिक चालवलं, आमच्याकडे ते घरोघरी यायचं, आणि त्यात नुसतं धार्मिक नसायचं, गावातलं पाणी, जमिनी, मराठी साहित्य सगळं असायचं. त्याच काळात हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं त्यात ते पुढे होते. बायबल त्यांनी सोप्या मराठीत आणलं, त्या "सुबोध बायबल"ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं त्याचे ते अध्यक्ष, तेव्हा पाठीचं दुखणं होतं म्हणून व्हीलचेअरवरून आले होते. २५ जुलै २०२४ ला ते गेले, ऐंशी ओलांडली होती.

आता मुलाला एक काम द्या. ह्या सगळ्या यादीत "लोक" कुठे कुठे आहेत ते त्याला शोधायला सांगा. मासिक लोकांपर्यंत न्यायचं होतं, बायबल लोकांच्या भाषेत हवं होतं, पाणी लोकांच्या विहिरीतलं होतं. नववीतल्या मुलाला एवढं कळलं तर त्याचा प्रोजेक्ट नेटवरून उतरवलेला वाटणार नाही.

प्रश्न: माझे सासरे स्वतः रोज चर्चला जातात पण त्यांचं म्हणणं, फादरने वेदीपाशी राहावं, मोर्चात काय काम? दिब्रिटोंवरून आमच्या घरात जेवताना वाद झाला. तुम्हाला काय वाटतं? (एक सून, नालासोपारा)

सासऱ्यांना चुकीचं ठरवायला मी इथे बसलेली नाही. त्यांच्या पिढीतल्या खूप लोकांना असं वाटायचं, आमच्या घरात पण वाटायचं. पण मोर्चा कशासाठी होता ते आधी बघूया ना, त्याशिवाय ह्या प्रश्नाला उत्तरच नाही.

वसईचा पश्चिम पट्टा म्हणजे समुद्र आणि खाडी यांच्या मधली सखल जमीन. तिथे केळीच्या बागा, पानवेली, फुलं, भाजी, आणि हे सगळं चालायचं ते विहिरी आणि बावखलांवर. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं तळं, पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी जिवंत ठेवतं. किनाऱ्याच्या जमिनीत गोडं पाणी हे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, गोडं हलकं, खारं जड. भूगर्भशास्त्रवाल्यांचा ढोबळ हिशोब असा की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची १ फूट उंची असेल तर खाली साधारण ४० फूट गोडं पाणी टिकतं. म्हणजे वरचं फूटभर उपसून खाली नेलं की खालचं खारं पाणी केवढं वर चढू शकतं बघा! आणि एकदा विहीर खारी झाली की पुढच्या पावसात ती गोडी होईलच असं नाही, केळीचं पान कडेने करपायला लागलं की म्हातारी माणसं सांगायची, पाणी बिघडलं.

१९८० च्या दशकाच्या शेवटी शेतीच्या जमिनी बांधकामाला खुल्या करायचे निर्णय आले, १९९० मध्ये सिडकोकडे, म्हणजे शहरं वसवणाऱ्या सरकारी महामंडळाकडे, ह्या भागाचं नियोजन गेलं, बिल्डिंगा उठायला लागल्या, आणि नळाचं पाणी नव्हतं म्हणून वाडीतल्या विहिरींमधून टँकर भरून जायला लागले. दिवसरात्र. मी लहान होते, टँकरच्या पंपाचा आवाज मला अजून ओळखता येतो. त्यातच गुंडगिरीची दहशत, जमिनीबद्दल बोलायचं तर लोक घराची खिडकी लावून बोलायचे. मोर्चे ह्या सगळ्याविरुद्ध होते. मग ज्या माणसाकडे दर रविवारी शेकडो लोक बघतायत, ज्याला बायको-मुलं नाहीत, ज्याच्या नावावर एक गुंठा नाही, त्याने नाही बोलायचं तर कोणी बोलायचं? घाबरलेल्या बापाला मुलं होती हो. फादर एकटे होते म्हणून उभे राहू शकले, ब्रह्मचर्याचा हा अर्थ मला कोणत्या प्रवचनात नाही कळला, तो त्या वर्षांत कळला.

आणि ह्यात ते एकटेच नव्हते, ख्रिस्ती होते, हिंदू होते, शेतकरी, शिक्षक, बायका तर खूप. हे सांगायलाच हवं, नाहीतर एका माणसाचा पुतळा करून बाकीच्यांना विसरणं होतं.

सासऱ्यांना एक गोष्ट वाचून दाखवा, बायबलमधलीच आहे, "राजे" नावाच्या पहिल्या पुस्तकाचा २१ वा अध्याय. नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता, अहाब राजाला तो हवा होता, नाबोथ म्हणाला वाडवडिलांचं वतन मी देणार नाही, तर त्याच्यावर खोटा आळ घालून त्याला दगडांनी मारलं आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला गेला. तिथे मळ्यात जाऊन राजाला अडवलं कोणी? एलिया संदेष्ट्याने. त्याने काही देवळात बसून प्रार्थना केली नाही. जेवताना वाद न करता शांतपणे वाचा एवढंच.

प्रश्न: आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अजूनही एकजण विचारतो की मराठी संमेलनाचा अध्यक्ष ख्रिस्ती धर्मगुरू कसा काय? (एक वाचक, पुणे)

त्यांना विचारा की मराठी कोणाची. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून आलेले जेझुइट संघाचे कॅथलिक धर्मगुरू, त्यांचं मराठी "ख्रिस्तपुराण" गोव्यात १६१६ मध्ये छापलं गेलं. रेव्हरंड ना. वा. टिळक हे ख्रिस्ती झालेले मराठी कवी होते आणि नगरला त्यांच्या घरी बालकवी राहून गेले. आणि वसईच्या ख्रिस्ती गावांत घरात मराठीच्या बोली बोलतात, शाळा मराठी, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) मराठीत, मेल्यावर दगडावर कोरायची ओळ पण मराठीत. यापेक्षा जास्त उत्तर द्यायची मला गरज वाटत नाही.

प्रश्न: फादर रिटायर होतात म्हणजे काय होतं? त्यांना पेन्शन असते का? रिटायर झालेले फादर मिस्सा करू शकतात का? आमच्या बिल्डिंगमध्ये कोणालाच माहीत नाही. (एक वाचक, ठाणे)

चांगला प्रश्न विचारलात काका, कारण "रिटायर" हा शब्द आपण ऑफिसवरून उचललाय आणि इथे तो अर्धाच लागू पडतो.

कॅथलिक चर्चचा १९८३ चा कायदा आहे, त्यात असं की पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भाविकांच्या, प्रमुख धर्मगुरूने वयाची ७५ वर्षं पूर्ण झाली की बिशपकडे राजीनामा द्यावा, म्हणजे तशी त्यांना विनंती असते, आणि तो कधी स्वीकारायचा ते बिशप ठरवतात, तब्येत बघतात, गाव बघतात, पर्यायी माणूस आहे का बघतात. बिशपनाही तेच ७५. आणि रिटायर झालेल्या धर्मगुरूच्या राहण्याची आणि उदरनिर्वाहाची सोय बघणं ही बिशपची जबाबदारी आहे, हे कायद्यातच आहे. तेव्हा सरकारी नोकराची पेन्शन असते तशी नाही पण वाऱ्यावर सोडत नाहीत. बरेचजण धर्मगुरूंसाठीच्या निवासात राहतात, काही कुठल्यातरी पॅरिशमध्ये मदतीला राहतात.

पण सोडतात काय? तर ऑफिस सोडतात. पॅरिशच्या चाव्या, हिशोबाच्या वह्या, शाळेचं चेअरमनपद, बांधकाम कमिटी, हे सगळं दुसऱ्याच्या हातात जातं. धर्मगुरूपण सुटत नाही, ते एकदा मिळालं की कायमचं, चर्चचा नियमच तसा आहे. ते मिस्सा करू शकतात, करतात, कित्येकजण खोलीतल्या टेबलावर एकटेच करतात. आणि एक नियम मला फार मोठा वाटतो, मरणाच्या दारात असलेल्या माणसाचं कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, कोणताही धर्मगुरू ऐकू शकतो, त्याच्याकडे त्या वेळी पद असो, परवानगी असो, नसो. म्हणजे ८५ वर्षांचे, काठी घेऊन चालणारे फादर ट्रेनमध्ये बसलेत आणि समोर कोणाला अॅटॅक आला, तर त्या क्षणी ते पूर्ण फादर आहेत.

आणि कन्फेशनमध्ये ऐकलेलं सोबत जातं ते जातंच. ते कोणालाही, कधीही सांगायचं नाही, रिटायर झाल्यावरही नाही. विचार करा, चाळीस-पन्नास वर्षं एका पट्ट्यातल्या चार-पाच गावांची दुःखं आणि लाजिरवाण्या गोष्टी पोटात घेऊन एक माणूस संध्याकाळी व्हरांड्यात बसलेला असतो आणि आपण त्याला "कसे आहात फादर, वेळ जातो का?" विचारतो.

प्रश्न: आम्ही प्रोटेस्टंट. आमच्या पाळकसाहेबांनी ३० वर्षं सेवा केली, रिटायर झाले आणि चर्चचं घर सोडून मुलाच्या दोन खोल्यांत गेले. मंडळींनी शाल आणि घड्याळ दिलं. मला आत कुठेतरी टोचतंय. (एक वाचक, अहिल्यानगर)

टोचायलाच हवं. फादरांना घर-संसार नसतो, पाळकांना असतो, आणि आयुष्यभर चर्चच्या बंगल्यात राहिल्यामुळे स्वतःचं घर कधी झालेलंच नसतं, रिटायरमेंटच्या दिवशी एकदम टेम्पो भरावा लागतो. पाळकीणबाई तर कोणाच्याच यादीत नसतात, पण संडेस्कूल त्यांनीच चालवलेलं असतं, आजाऱ्याला जेवणाचा डबा त्यांच्याच स्वयंपाकघरातून गेलेला असतो.

तुमच्याच शहरातल्या टिळकांची आठवण होते मला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या कामाचा राजीनामा दिला, म्हणजे हक्काचा पगारही गेला, आणि "देवाचा दरबार" म्हणून जाती-पंथाच्या पलीकडचं काहीतरी उभं करायला निघाले, पुढे दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले. मागे संसाराचा सगळा भार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर.

घड्याळ देऊन झालंय तर ठीक आहे, पण अजूनही करता येण्यासारखं आहे. मेडिकल इन्शुरन्सचा हप्ता मंडळी वाटून घेऊ शकतात. दोघं रविवारी चर्चला कसे येतात ते बघा, रिक्षाचा खर्च परवडत नसेल तर ते तोंडाने सांगणार नाहीत. आणि तुमच्या कमिटीत पुढच्या पाळकांसाठी आत्तापासून घराचा फंड सुरू करा, ३० वर्षांनी नाही.

प्रश्न: आमच्या पॅरिशचे जुने फादर गेल्या महिन्यात वारले. आम्ही तरुण मंडळी स्मरणिका काढतोय. २२ लेख आले आणि सगळ्यांत तेच, प्रेमळ, मनमिळाऊ, दीपस्तंभ, वटवृक्ष, कधीही न भरून येणारी पोकळी. वाचून काहीच होत नाही. आम्ही काय करू? (स्मरणिका समिती, वसई तालुका)

मुलांनो, तुमचं पत्र वाचून मी हे सदर अर्धं तुमच्यासाठीच लिहायला घेतलं.

लोक खोटं लिहीत नाहीयेत, त्यांना खरंच भरून आलंय, पण पेन हातात घेतला की आपण शोकसभेची भाषा लिहायला लागतो. तर २२ जणांना लेख परत देऊ नका, वाईट वाटेल त्यांना. त्यांच्या घरी जा आणि एकच विचारा, "फादर तुमच्या घरी शेवटचे कधी आले होते, आणि आल्यावर कुठे बसले?" बघा काय काय निघतं ते. फोनवर रेकॉर्ड करा (विचारून), आणि बोललेलं जसंच्या तसं छापा, व्याकरण सुधारू नका, आपल्या वसईच्या कादोडी बोलीत बोलले तर कादोडीत छापा.

मी काय म्हणते ते माझ्याच घरातलं सांगून दाखवते. माझी आजी गेली ती रात्र. पाऊस असा की अंगणातलं दिसत नव्हतं, लाईट गेलेली. भाऊ सायकलवर फादरांना बोलवायला गेला, आणि फादर त्याच्या आधीच आले, त्यांच्या सायकलवरून, तो वाटेत चुकला होता. दारात चपला काढल्या, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल, आईने टॉवेल दिला तर त्यांनी चेहरा नाही पुसला, केस नाही पुसले, फक्त हात पुसले. बोटं एकेक करून, नखांपर्यंत. मग म्हणाले दुसरा द्या, हा ओला झाला, आणि परत हात पुसले. मी दहा-अकरा वर्षांची, मला कळेना की अंगावरून पाणी निथळतंय आणि हे हातच काय पुसतायत. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून पवित्र तेलाची ती छोटी गोल डबी काढली आणि आजीच्या कपाळावर आणि तळहातांवर तेल लावलं, आणि तेव्हा समजलं, ओल्या बोटाने तेल लागलं नसतं. आजीच्या तळहाताला पानवेलीच्या कामाने भेगा होत्या, तेल त्या भेगांमध्ये शिरलेलं मला कंदिलाच्या उजेडात दिसलं. ते तासभर बसले. जाताना भावाची सायकल पंक्चर बघून त्याला आपली देऊन चालत गेले.

आता ह्यात "प्रेमळ" शब्द एकदाही नाही.

दुसरं. चर्चच्या रजिस्टरकडे कोणी बघत नाही. प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांची रजिस्टरं ठेवावीच लागतात, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोर समासात पुढे त्या माणसाचं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार), लग्न यांची पण नोंद येते, म्हणजे एका ओळीत एक आयुष्य असतं. आत्ताच्या फादरांची परवानगी काढा, त्यांच्यासमोर बसा आणि तुमच्या जुन्या फादरांच्या सहीच्या नोंदी मोजा, किती बाळं, किती लग्नं, किती मौती. नावं छापायची नाहीत, नुसता आकडा, आणि कोणाच्या घरच्यांनी हो म्हटलं तरच नाव. त्यांच्या पहिल्या सहीचा आणि शेवटच्या सहीचा फोटो जवळजवळ छापा, सही म्हातारी झालेली दिसेल. मला वाटतं तुमच्या स्मरणिकेचं हेच सगळ्यात चांगलं पान होईल.

तिसरं, तुम्ही पत्रात खाली बारीक अक्षरात विचारलंय की "त्यांचा राग, लांबलेली प्रवचनं, गायकमंडळाशी भांडण, हे लिहायचं का?" लिहायचं. लक्ष्मीबाई टिळकांनी "स्मृतिचित्रे" ह्या आत्मचरित्रामध्ये नवऱ्याचा तापट स्वभाव, घरातले पैसे भलत्याला देऊन टाकणं, काहीही लपवलं नाही, आणि इतक्या वर्षांनी टिळक आपल्याला जिवंत माणूस वाटतात ते त्यामुळेच. फक्त एक पथ्य पाळा, ज्याच्याशी भांडण झालं तो माणूस हयात असेल तर आधी त्याला दाखवा. आणि कन्फेशनमध्ये कोणाला काय सांगितलं, फादर काय म्हणाले, हे कोणी आपणहून लिहून दिलं तरी घेऊ नका. फादरांनी मरेपर्यंत ते जपलं, आपण छापायचं नाही.

जाहिराती मागच्या पानांवर टाका. मधे मधे नको, एवढं ऐका.

प्रश्न: मी हिंदू, माझ्या शाळेतले फादर प्रिन्सिपल वारले तर फ्युनरलला जायची इच्छा होती पण तिथे कसं वागायचं माहीत नाही म्हणून गेले नाही. आता चुटपुट लागलीये. (एक वाचक, नाशिक)

जायला हवं होतं, पण अजूनही जाता येतं. पुण्यतिथीला मिस्सा असते, आणि २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांचा स्मरणदिन असतो, त्या दिवशी दफनभूमीत कबरींवर मेणबत्त्या आणि फुलं असतात, कोणीही आलेलं चालतं. बाकीचे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत ख्रिस्ती लोक घेतात ती पवित्र भाकर) घ्यायला रांग लागते तेव्हा जागेवर बसून राहायचं, कोणी वावगं मानत नाही.

फ्युनरलमधलं एक सांगते, पुढे कधी गेलात तर लक्ष द्या. सामान्य माणसाची शवपेटी चर्चमध्ये ठेवतात तेव्हा पाय वेदीकडे असतात, म्हणजे तो आयुष्यभर जसा वेदीकडे तोंड करून बसला तसाच. धर्मगुरूची पेटी परंपरेने उलटी ठेवतात, डोकं वेदीकडे, तोंड लोकांकडे. शेवटच्या मिस्सेलाही ते आपल्याकडेच बघत असतात. दरवेळी ते बघितलं की मला रडू येतं, कितीदाही बघितलं तरी.

प्रश्न: आमचे जुने फादर हयात आहेत, धर्मगुरूंच्या निवासात असतात, ८७ वर्षांचे. हल्ली माणसं ओळखत नाहीत असं ऐकलंय. मला भेटायला जायचंय पण ओळखलं नाही तर मला सहन होणार नाही. जाऊ का? (एक शिक्षिका, विरार)

जा ताई. ते असताना जा, नंतर आपण सगळे लेख लिहितोच.

मी गेले होते, त्या पावसाच्या रात्रीच्या फादरांनाच भेटायला, गेल्याच्या गेल्या वर्षी. त्यांनी मला ओळखलं नाही. माझं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आजीचं सांगितलं, ते नुसते मान हलवत होते, चांगल्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून हलवतो ना आपण तशी. मी गावाचं नाव सांगितलं. तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, "तुमच्याकडे चिंचेखालची विहीर. पाणी गोडं आहे ना अजून?"

आमच्या वाडीत चिंच होती, आता नाही. विहीर आहे. मी म्हटलं, आहे फादर, थोडं मचूळ लागतं एप्रिलनंतर, पण आहे. तर ते म्हणाले, "उपसू नका जास्त."

मग दहा मिनिटांनी त्यांनी तेच परत विचारलं आणि मी तेच परत सांगितलं, असं तीनदा झालं, आणि मला अजिबात कंटाळा आला नाही. निघताना मी वाकले तर त्यांनी माझ्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला, हात कापत होता पण क्रूस सरळ आला.

जाताना खायचं काही नेऊ नका, बहुतेकांना डॉक्टरांची पथ्यं असतात, न्यायचंच असेल तर आधी तिथल्या सिस्टरना विचारा. जुने फोटो न्या, पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेतला त्या दिवसाचा, ग्रुप फोटो असेल तर तोच. "मला ओळखलं का?" असं विचारू नका, तुम्हीच आधी गावाचं नाव सांगा. मोठ्याने आणि सावकाश बोला, समोर बसून. आणि रविवारी जाऊ नका, रविवारी कोणी ना कोणी येतंच. मंगळवारी, बुधवारी जा, दुपारी चारच्या सुमारास, चहाच्या वेळेला, तेव्हा ते व्हरांड्यात एकटे असतात.